सर फिरोजशहा मेहता आणि मुंबई नगरीचा कायदा

मुंबईस बोरीबंदरासमोर महानगरपालिकेची भव्य इमारत उभी आहे. तिच्या पुढ्यात एका पारशी गृहस्थांचा पुतळा आहे. आमच्या ज्ञातिबांधवांपैकी कित्येकजण त्या रस्त्याने ये-जा करतात. परंतु हे गृहस्थ कोण आणि त्यांचा पुतळा नेमका तेथेच का, याचा विचार थोड्यांनीच केला असेल. नळाचे पाणी, घरपट्टी, गल्लीतील गटार, मुलांची प्राथमिक शाळा, या साऱ्यांचा कारभार कोणी पाहावा व त्याचा जाब कोणी कोणास विचारावा, हे ज्या कायद्याने ठरविले, त्याच्या घडणीत सर फिरोजशहा मेहता यांचा वाटा फार मोठा आहे. म्हणून आम्ही यंदा त्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईस एका व्यापारी घराण्यात झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८६४ साली ते बी. ए. झाले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांचा या विद्यार्थ्यावर लोभ होता. त्यांच्या शिफारशीने, रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई यांनी हिंदी तरुणांना विलायतेत बॅरिस्टर होण्यासाठी देऊ केलेली शिष्यवृत्ती त्यांस मिळाली. परंतु अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच १८६५ साली कापसाचे भाव कोसळले, शेअरबाजार बुडाला आणि त्या तडाख्यात देणगीदारांचीच संपत्ती गेली. शिष्यवृत्ती अर्ध्यावर थांबली, तरी शिक्षण थांबले नाही. १८६८ साली बॅरिस्टर होऊन ते मायदेशी परतले. विलायतेत दादाभाई नौरोजींचा सहवास लाभला, हा त्या प्रवासाचा दुसरा लाभ.

त्या वेळी मुंबईचा कारभार १८६५ च्या कायद्याप्रमाणे चाले. सर्व अंमलबजावणी एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती होती आणि त्याच्यावर देखरेख सरकारने नेमलेल्या जस्टिस ऑफ दि पीस मंडळींची. ही मंडळी लोकांनी निवडलेली नव्हती. पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड हे मोठे धडाडीचे गृहस्थ. त्यांनी शहर झाडून स्वच्छ केले, रस्ते केले, आणि पुढे महात्मा जोतीबा फुले यांचे नाव मिळालेली ती मंडई उभारली. परंतु पैशाचा हिशेब त्यांनी ठेवला नाही. शहर कर्जात बुडाले, करांचा बोजा वाढला आणि १८७१ साली करदात्यांचा क्षोभ उसळला. कमिशनरचे पदच नाहीसे करावे व कारभार एका मंडळाकडे सोपवावा, असा पुष्कळांचा आग्रह होता.

अशा वेळी सव्वीस वर्षांच्या या बॅरिस्टराने फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये एक निबंध वाचला. लोक क्रॉफर्डवर दात खाऊन होते, आणि हा तरुण त्याच क्रॉफर्डच्या कामाची तारीफ करीत होता! त्यांचे म्हणणे असे की, दोष एका माणसाचा नसून कायद्याचा आहे. काम करणारा एकच असावा, म्हणजे जबाबदारी कोणाची ते कळते. बारा जणांच्या हाती अंमल दिला की चूक कोणाचीच ठरत नाही. मात्र त्या एकट्याला पैसा मंजूर करणारे व हिशेब तपासणारे लोक करदात्यांनी निवडून दिलेले असले पाहिजेत. श्रोत्यांस हे रुचले नाही. जमाव रागावलेला असताना त्याच्या मनाविरुद्ध खरे बोलणे सोपे नसते. आमच्या मते फिरोजशहांच्या सार्वजनिक आयुष्याची खरी सुरुवात त्याच दिवशी झाली.

१८७२ चा कायदा बहुतांशी याच धोरणाने झाला. चौसष्ट सभासदांच्या कॉर्पोरेशनमध्ये निम्मे म्हणजे बत्तीस करदात्यांनी निवडावयाचे, सोळा जे. पीं.नी व सोळा सरकारने नेमावयाचे, असे ठरले. फिरोजशहा कॉर्पोरेशनात आले, आणि १८८४ साली तिचे अध्यक्ष झाले. अध्यक्षपद त्यांना पुढे आणखी तीन वेळा मिळाले.

त्यांच्या कर्तृत्वाचा कळस म्हणजे १८८८ चा मुंबई म्युनिसिपल कायदा. सरकारने १८८७ साली आणलेल्या मसुद्यात कॉर्पोरेशनचे हात बांधणारी कलमे होती. फिरोजशहा व न्यायशास्त्रनिपुण काशीनाथ त्रिंबक तेलंग हे दोघेही त्या वेळी कायदेमंडळात होते. त्यांनी मसुद्यातील कलमे चिकाटीने पालटविली. अखेर जो कायदा झाला त्यात नगरीचे शासन कॉर्पोरेशनच्या ठायी आणि अंमलबजावणीचा अधिकार कमिशनरच्या ठायी, अशी वाटणी स्पष्ट झाली. मध्ये स्थायी समिती. सभासद बहात्तर, त्यांपैकी छत्तीस वॉर्डांतून निवडलेले. पुढे अनेक दुरुस्त्या झाल्या, तरी महानगरपालिका आजही त्याच कायद्याखाली चालते. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर काही वर्षे निवडणूकच झाली नाही व सारा अधिकार प्रशासकाकडे राहिला. त्या काळात आपल्या तक्रारी घेऊन कोणाकडे जावे, असा प्रश्न ज्यांस पडला, त्यांना १८७१ चा वाद निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

पोलिसांच्या खर्चाचा तंटाही असाच. शहराच्या पोलिसांवर हुकमत सरकारची, आणि खर्चाचा भार मात्र कॉर्पोरेशनवर! याविरुद्ध फिरोजशहा वर्षानुवर्षे झगडले. १९०७ च्या कायद्याने पोलिसांचा खर्च सरकारने घेतला आणि त्याच्या बदल्यात प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय मदत ही कामे कॉर्पोरेशनकडे आली. आम्ही आयुष्य शाळेत घालविले असल्यामुळे या अदलाबदलीचे महत्त्व आम्हांस विशेष वाटते.

त्याच १९०७ साली काही युरोपियन अधिकारी व टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक यांनी एकजूट करून त्यांना कॉर्पोरेशनबाहेर काढण्याचा घाट घातला. जे. पीं.च्या सोळा जागांसाठी मतदान झाले आणि फिरोजशहा सतरावे आले. विरोधकांना आनंद झाला, पण तो टिकला नाही. निवडून आलेल्या एका सभासदाचा कॉर्पोरेशनच्या कंत्राटात हितसंबंध असल्याचे निघाले. असा मनुष्य सभासद होण्यास अपात्र, आणि निवडणुकीच्या तक्रारी स्मॉल कॉज कोर्टाच्या मुख्य न्यायाधीशापुढे न्याव्यात, असे १८८८ च्या कायद्यात लिहिलेले होते. अर्ज झाला, ती निवड रद्द झाली आणि ती जागा फिरोजशहांस मिळाली. स्वतः घडविलेल्या कायद्यानेच त्यांस परत आणले.

त्यांच्यात उणिवा नव्हत्या असे नाही. सभागृहात ते हुकमी वागत. त्यांच्यापुढे तोंड उघडण्यास कित्येक सभासद कचरत. त्यांनी मिळविलेला मताधिकारही ठराविक कर भरणाऱ्यांपुरताच होता. गिरणगावच्या चाळीत दहा जणांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीत राहणाऱ्या आमच्या आजोबा-पणजोबांना त्यात जागा नव्हती. प्रौढ मताधिकाराने कॉर्पोरेशनची निवडणूक झाली ती १९४८ साली.

काँग्रेसचे १८९० च्या कलकत्ता अधिवेशनाचे अध्यक्षपद, १९०४ साली सर ही पदवी, १९१३ साली काढलेले बॉम्बे क्रॉनिकल पत्र, हे सारे त्यांच्या चरित्रात आहे. परंतु त्यांचे मन कॉर्पोरेशनमध्येच गुंतलेले होते. १९११ साली ते अखेरच्या वेळी तिचे अध्यक्ष झाले. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी मुंबईतच त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांचे वय सत्तर वर्षांचे होते, आणि त्यांपैकी चाळीसांहून अधिक वर्षे नगरीच्या कारभारात गेली होती.