विद्येसाठी काढलेले ऋण

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची विद्वत्ता सर्वांस ठाऊक आहे; परंतु त्या विद्येचा खर्च त्यांनी कसा भागविला, हे आपल्या मुलामुलींस क्वचितच सांगितले जाते.

त्यांचे बालपण आपल्याच सातारा जिल्ह्यात गेले. सन १९०० च्या नोव्हेंबरात ते साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. पुढील वर्षी वडिलांस भेटावयास निघालेली ही मुले पाडळीस आगगाडीत बसून रहिमतपूरमार्गे मसूरला उतरली. तेथे त्यांची जात कळताच एकही गाडीवान त्यांस नेईना. अखेर दुप्पट भाडे मोजूनही बैलगाडी त्यांनाच हाकावी लागली. गरिबाला विद्या महाग पडते. अस्पृश्य म्हणून लोटलेल्यास ती दुप्पट महाग पडे.

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात असताना श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी त्यांस दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. सन १९१२ मध्ये ते बी. ए. झाले. पुढील वर्षी बडोदे सरकारच्याच शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठात गेले. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावी, असा करार होता. लंडनमधील अभ्यास अर्ध्यावर असताना मुदत संपली व सन १९१७ मध्ये त्यांस परतावे लागले. बडोद्यात तर अस्पृश्यतेमुळे राहावयास जागाही मिळेना. नोकरी सोडून ते मुंबईस आले. तेथे त्यांनी शिकवण्या धरल्या.

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात दरमहा ४५० रुपयांवर ते प्राध्यापक झाले. आता सुखाने राहता आले असते. परंतु त्यांचा मुक्काम परळच्या चाळीतच राहिला. घरखर्चास ठराविक रक्कम रमाबाईंच्या हाती देऊन उरलेले ते लंडनसाठी साठवीत. सन १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली. स्वतःची शिल्लक, छत्रपती शाहू महाराजांनी दिलेले १,५०० रुपये व नवल भाथेना या पारशी मित्राकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज एवढ्या बळावर त्यांनी विलायत गाठली.

तेथे अर्धपोटी राहून त्यांनी दिवस ग्रंथालयात काढले. इकडे रमाबाईंनी ओढग्रस्तीत संसार रेटला. त्या ऋणाची नोंद कोणत्याही वहीत नाही. सन १९२१ मध्ये एम. एस्‌सी. व १९२३ मध्ये डी. एस्‌सी. या पदव्या त्यांनी संपादिल्या, बॅरिस्टरही झाले. डी. एस्‌सी.चा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावरच होता. वकिली सुरू केल्यावरही मिळकत बेताची असल्याने सन १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्र-संस्थेत त्यांनी अर्धवेळ अध्यापन केले.

आज आपल्या घरांतील मुलेमुलीही कॉलेजसाठी कर्ज काढतात. त्यांनी या चरित्रातील क्रम ध्यानी घ्यावा. बाबासाहेबांनी प्रथम मिळविले, मग साठविले, आणि जे कमी पडले तेवढ्यापुरतेच दुसऱ्यापुढे हात केले. कर्ज घेताना त्याचे प्रयोजन निश्चित होते आणि ते सफळ करण्यास लागणारे कष्ट उपसण्याची तयारी होती. लग्नकार्यातील थाटासाठी सावकाराचे उंबरे झिजविणाऱ्या पालकांनी हा हिशेब एकवार मांडून पाहावा. मानासाठी काढलेले कर्ज चार दिवसांत खर्ची पडते व मागे केवळ व्याज उरते. विद्येसाठी विचारपूर्वक काढलेले कर्ज फेडण्याचे सामर्थ्य त्या विद्येतूनच येते.