प्राचार्यांनी राहतं घर गहाण टाकलं, म्हणून खाशाबा हेलसिंकीला पोहोचले

तर झालं असं, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात वार्षिक क्रीडा स्पर्धा होत्या. किरकोळ अंगाचा एक पोरगा कुस्तीसाठी नाव द्यायला गेला. क्रीडाशिक्षकांनी त्याला परत पाठवलं. पोरगा थेट प्राचार्यांकडे गेला. बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांनी परवानगी दिली आणि त्यानं आपल्यापेक्षा दांडगे गडी चीत केले.

हा पोरगा म्हणजे खाशाबा जाधव. 15 जानेवारी 1926 ला कराडजवळच्या गोळेश्वरमध्ये जन्म. वडील दादासाहेब पैलवान, त्यामुळं लाल माती घरचीच.

1948 च्या लंडन ऑलिम्पिकचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. मातीत वाढलेला हा गडी तिथं मॅटवर खेळून सहावा आला. 1952 ला हेलसिंकीला जायचं, तर पैसेच नव्हते. गावानं वर्गणी काढली, तरी पुरेना. तेव्हा खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकून 7 हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्यासाठी, तेही कुस्तीसाठी!

खाशाबांनी बँटमवेट गटात ब्राँझ आणलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पुढच्यासाठी 1996 उजाडावं लागलं, लिएंडर पेस येईपर्यंत.

कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण खाशाबांच्या डोक्यात ते घर होतं. त्यांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले आणि आलेल्या पैशातून सरांचं घर सोडवून दिलं.

1955 ला ते पोलिसात फौजदार झाले. 14 ऑगस्ट 1984 ला रस्ते अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही मरणोत्तर.