पंडिता रमाबाई : बायबल वाचलं, आचरलं आणि सोप्या मराठीत आणलं

पंडिता रमाबाईंना लहानपणीच हजारो संस्कृत श्लोक पाठ होते. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांचा 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या देऊन गौरव केला.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनमधल्या फुलहॅमला समाजाने टाकलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती भगिनी मायेने सांभाळत होत्या. या सेवेमागचं कारण शोधताना त्यांना बायबलमधली शोमरोनी स्त्रीची गोष्ट कळली. ज्यू ज्यांना टाळत, त्या समाजातल्या स्त्रीशी येशू विहिरीपाशी आपुलकीने बोलतो. ही गोष्ट रमाबाईंच्या मनात घर करून राहिली. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमतही मोजावी लागली. १८८९ मध्ये त्यांनी विधवांसाठी 'शारदा सदन' काढलं. पण मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात म्हणून पुण्यात गदारोळ झाला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

रमाबाई थांबल्या नाहीत. दुष्काळात त्यांनी शेकडो निराधार मुलींना केडगावच्या 'मुक्ती'त आणलं. फुलहॅमला पाहिलेलं काम 'कृपा सदना'त उभं राहिलं.

मराठी बायबलची भाषा साध्या बायकांना जड जाते, हे त्यांना खटकत होतं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अनेक वर्षं खपून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं. छपाईचं काम 'मुक्ती'तल्या स्त्रियांनीच केलं.

१९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी काम सुटलं नाही. भाषांतर हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी जगाचा निरोप घेतला.