तंजावरचे धन्वंतरी राजे : सरफोजी भोसले

समुद्राला मिळण्यापूर्वी कावेरी नदी अनेक फाट्यांनी पसरते आणि तंजावरच्या परिसरातील गावांना भाताच्या हिरव्यागार खाचरांनी वेढून टाकते. मराठी मुलुखापासून शेकडो कोस दूर असलेल्या या भूमीवर छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी सतराव्या शतकात भोसले घराण्याचे राज्य स्थापन केले. या घराण्यात अनेक रसिक व विद्वान राजे होऊन गेले. परंतु ज्यांच्या हाती राज्य जवळजवळ उरलेच नाही, त्यांचेच नाव आज सर्वाधिक आदराने घेतले जाते. ते म्हणजे सरफोजी राजे दुसरे.

सरफोजींचा जन्म १७७७ चा. नि:संतान तुळजाजी राजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले आणि त्याच वर्षी राजे निवर्तले. दत्तकविधान अशास्त्रीय ठरवून तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंग गादीवर बसले. दहा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला आली ती वाड्यातील कोंडलेली जागा, उपेक्षा आणि शिक्षणाला पारखे झालेले बालपण. तुळजाजींनी अखेरच्या दिवसांत ज्यांच्यावर या मुलाचा भार सोपवला होता, ते जर्मन धर्मोपदेशक ख्रिश्चन श्वार्त्झ मदतीस धावले. १७९३ मध्ये सरफोजींना मद्रासला नेण्यात आले आणि तेथे त्यांच्यापुढे भाषा, गणित व विज्ञान यांची दारे उघडली. ज्याला अक्षरांपासून दूर ठेवले गेले, त्याने पुढे आयुष्यभर अक्षरांचाच संग्रह केला. राजांनी आपला धर्म सोडला नाही आणि गुरूचे ऋणही विसरले नाहीत. श्वार्त्झ यांच्या स्मरणार्थ त्यांनी शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी शिल्प घडवून घेतले. ते आजही तंजावरात आहे.

१७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले. मात्र पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला, वार्षिक तनखा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. वय अवघे बावीस. अशा स्थितीत खंत करीत बसणे किंवा ऐषारामात दिवस घालवणे त्यांना सहज शक्य होते. राजांनी तिसरा मार्ग निवडला. सत्ता गेली तरी प्रजेची सेवा करण्याचा अधिकार कोणत्याही तहाने काढून घेता येत नाही, हे त्यांनी आपल्या कृतीने दाखवून दिले.

या सेवेचे केंद्र म्हणजे धन्वंतरी महाल. येथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक जाणणारे लोक एकत्र काम करीत. वनौषधी जमवल्या जात, औषधे तयार होत, माणसांप्रमाणे जनावरांच्या रोगांचाही विचार होई. अनुभवाला उतरलेले उपचार तमिळ पद्यांत गुंफण्यात आले. ते शरभेंद्र वैद्यग्रंथ म्हणून ओळखले जातात. सामान्य वैद्याला पाठ करता यावेत, म्हणून लोकभाषा आणि पद्य यांची ही योजना.

राजांचा विशेष ओढा नेत्रविकारांकडे होता. वय वाढते तसा मोतीबिंदू दृष्टी हिरावून घेतो, आणि शेतावर राबणाऱ्या माणसाची दृष्टी गेली की सारे घर परावलंबी होते. राजांकडे उपचार झालेल्या नेत्ररुग्णांची नोंदपत्रे आणि त्यांच्या डोळ्यांची रेखाटने तंजावरच्या ग्रंथालयात जतन केलेली आहेत. रोग काय होता, उपचार कोणता केला, हे टिपून ठेवण्याची ही शिस्त त्या काळी आपल्याकडे दुर्मीळच होती. राजांच्या संग्रहात वैद्यकाची इंग्रजी पुस्तके, हवेचा पंप, विद्युत्‌यंत्र आणि शरीररचनेच्या अभ्यासासाठी हस्तिदंती सांगाडाही होता.

सरफोजींच्या हयातीत रोगजंतूंचे शास्त्र जन्मास आले नव्हते. लुई पाश्चर यांचा जन्मच १८२२ चा. आतड्यांतील सूक्ष्मजीवांचा वार्धक्याशी संबंध असावा, हा विचार एली मेचनिकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडला. आपल्या आतड्यांत नांदणारे असंख्य सूक्ष्मजीव अन्नातील तंतूंचे विघटन करतात, काही जीवनसत्त्वे बनवतात आणि रोगप्रतिकारशक्तीला वळण लावतात, हे आता आपण जाणतो. धन्वंतरी महालातील वैद्यांना यातले काही ठाऊक असणे शक्यच नव्हते. तथापि पचन बिघडले की शरीर बिघडते, म्हणून औषधाइतकेच पथ्य महत्त्वाचे, ही आयुर्वेदाची शिकवण त्यांच्यापाशी होती. रात्री भात पाण्यात भिजवून सकाळी ताकाबरोबर खाण्याची रीत कावेरीकाठच्या गावांत जुनी आहे. त्या आंबलेल्या भातातील उपकारक जीवाणूंकडे आजचे संशोधक कुतूहलाने पाहतात. राजांनी शरभेंद्र पाकशास्त्राच्या रूपाने स्वयंपाकघरातील ज्ञानही लेखनबद्ध करवले, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

राजांची दृष्टी किल्ल्याच्या तटापाशी थांबली नाही. रामेश्वरच्या वाटेवरील अन्नछत्रे त्यांनी जिवापाड जपली. ओरत्तनाडू येथे मुक्तांबेच्या नावाने त्यांनी मोठे छत्र उभारले. यात्रेकरूंना जातिभेद न पाहता अन्न, आजाऱ्यांना वैद्य, अनाथांना आसरा आणि मुलांना शिक्षण, अशी या छत्रांची व्यवस्था होती. तंजावरात नवविद्याकलानिधी शाळा व देवनागरी छापखाना सुरू झाला आणि १८०६ मध्ये तेथून इसापनीतीचा मराठी अनुवाद ‘बालबोध मुक्तावली’ बाहेर पडला. महाराष्ट्रात मराठी छपाई रुजण्याआधीची ही गोष्ट! काशीयात्रेतही त्यांनी जमवली ती हस्तलिखिते. त्यांनी समृद्ध केलेले सरस्वती महाल ग्रंथालय आजही जगभरच्या अभ्यासकांना बोलावते.

७ मार्च १८३२ रोजी राजांचे निधन झाले. पुत्र शिवाजी राजे १८५५ मध्ये वारस पुत्राविना वारले आणि तंजावरचे राज्य खालसा झाले. राज्य गेले, गादी गेली, तनखाही गेला. उरली ती पोथ्यांतील अक्षरे, औषधांचे पाठ आणि कोणा अनाम रुग्णाच्या डोळ्याचे काळजीपूर्वक काढलेले चित्र. काय मिळाले नाही याचा हिशेब न मांडता हाती उरलेल्यातून माणसाने काय उभे करावे, याचा धडा मुलांना द्यायचा असेल, तर आईवडिलांनी आणि शिक्षकांनी त्यांना सरफोजी राजांची ही कथा अवश्य सांगावी.