संत सावता माळी

संत सावता माळी (जन्म : इ.स. १२५०, समाधी : इ.स. १२९५) हे वारकरी संप्रदायातील संतकवी होते. संत ज्ञानेश्वर व संत नामदेव यांचे ते समकालीन होत. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील अरण ही त्यांची जन्मभूमी व कर्मभूमी. ढोकीजवळच्या तेर येथील संत गोरा कुंभार यांच्याप्रमाणे त्यांनीही पिढीजात व्यवसाय न सोडता भक्ती केली.

जीवन

सावतोबांच्या वडिलांचे नाव परसूबा व आईचे नांगिताबाई. आजोबा दैवू माळी यांच्यापासून हे घराणे अरण येथे स्थायिक झाले. शेती आणि विठ्ठलभक्ती या दोन्हींचा वारसा सावतोबांना घरातच मिळाला. त्यांच्या पत्नीचे नाव जनाबाई होते. मोटेने पाणी काढणे, वाफ्यांना पाणी देणे, खुरपणी करणे आणि भाजीपाला पिकवणे यांतच त्यांचे आयुष्य गेले. पंढरपूर जवळ असूनही मळा सोडून ते वारीला गेले नाहीत, असे परंपरा सांगते. नामदेवांसोबत निघालेला विठ्ठलच त्यांच्या मळ्यात आला आणि त्यांच्या हृदयात लपला, अशी आख्यायिका आहे.

अभंगरचना

सावतोबांचे ३७ अभंग उपलब्ध असून ते काशिबा गुरव यांनी लिहून ठेवले. योग, याग, तीर्थ, व्रत यांपेक्षा नामस्मरण आणि नेमून आलेले काम त्यांनी श्रेष्ठ मानले. ज्यांना कामामुळे घर सोडता येत नव्हते, अशा कष्टकऱ्यांना या विचाराने भक्तीचा अधिकार दिला. मळ्यातील भाज्यांतच विठ्ठल पाहणारा त्यांचा अभंग विशेष प्रसिद्ध आहे.

अभंगातील पिके

या अभंगाच्या प्रचलित पाठात कांदा, मुळा, लसूण व कोथिंबिरीसोबत मिरचीचाही उल्लेख येतो. मिरची आणि बटाटा ही दोन्ही मूळची अमेरिका खंडातील पिके होत. ती पोर्तुगीजांच्या आगमनानंतर भारतात आली. बटाटा हा शब्दही पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला. त्यामुळे मिरचीचा उल्लेख मौखिक परंपरेत नंतर आला असावा, असे मानण्यास जागा आहे. लोकांनी आपल्या काळातील पिकासह हा अभंग गात ठेवला, असेही त्यावरून दिसते.

समाधी व परंपरा

आषाढ वद्य चतुर्दशी, शके १२१७ रोजी वयाच्या ४५ व्या वर्षी सावतोबांनी अरण येथे समाधी घेतली. इतर संतांच्या पालख्या पंढरपुरास जातात. अरणला मात्र पंढरपूरहून विठ्ठलाची पालखी येते.