कोडमध्ये एरर आली की स्क्रीनवर पन्नास ओळी का ओतल्या जातात? त्याचं मूळ ॲलन ट्युरिंगच्या एका रिपोर्टात आहे

घरात किंवा मित्रांत कुणी कोडिंग करणारं असेल, तर हे दृश्य तुम्ही नक्की पाहिलं असेल. रात्रीचे दोन वाजलेत, ॲप क्रॅश झालंय आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत पन्नास-साठ ओळी उभ्या आहेत.

याला म्हणतात स्टॅक ट्रेस. गंमत अशी की त्यातल्या दोन-तीन ओळीच त्या बिचाऱ्याने लिहिलेल्या कोडच्या असतात. बाकी सगळा फ्रेमवर्कचा आणि लायब्ररीचा पसारा. चूक बहुतेक वेळा त्या दोन ओळींच्या आसपास असते आणि माणूस बाकीच्या पन्नास ओळी वाचून दमतो.

हा पसारा येतो कुठून, हे शोधत मागे गेलं की ॲलन ट्युरिंगपाशी येऊन थांबावं लागतं. हिटलरच्या सैन्याचं एनिग्मा कोड फोडणारा, ज्याच्यावर सिनेमा आला तोच. पण ही गोष्ट युद्ध संपल्यानंतरची आहे, आणि सिनेमात ती नाही.

ट्युरिंगचा जन्म 23 जून 1912 चा, लंडनचा. वडील मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी, आईचे वडील मद्रासच्या रेल्वेत इंजिनिअर. आईवडील भारतात आणि पोरं इंग्लंडमध्ये दुसऱ्यांच्या घरी, असं त्याचं लहानपण गेलं. पुढे केंब्रिजला गणित शिकला. 1936 साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याने कागदावर एक काल्पनिक यंत्र मांडलं. आजच्या कॉम्प्युटरचा सैद्धांतिक पाया तोच.

युद्धाच्या काळात तो ब्लेचली पार्कमध्ये होता. तिथला त्याच्या सायकलचा किस्सा प्रसिद्ध आहे. चेन सारखी निसटायची. दुसरा कुणी असता तर दुकानात गेला असता. हा गडी पायडलच्या फेऱ्या मोजत बसला. ठरावीक फेऱ्यांनंतरच चेन पडते हे लक्षात आल्यावर तो त्या आधी थांबून चेन सावरायचा. शेवटी उलगडा झाला, की चाकाची एक वाकलेली तार आणि चेनची एक खराब कडी नेमक्या एकत्र आल्या की घात होतो. डिबगिंग म्हणतात ते हेच.

युद्ध संपलं आणि ऑक्टोबर 1945 मध्ये ट्युरिंग लंडनजवळच्या टेडिंग्टनला नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत रुजू झाला. काही महिन्यांत त्याने एका कॉम्प्युटरचा पूर्ण आराखडा लिहून काढला. नाव एस. मार्च 1946 मध्ये तो समितीसमोर आला. खर्चाचा अंदाज होता 11,200 पौंड.

मुद्दा या रिपोर्टातच आहे.

समजा तुम्ही स्वयंपाक करताय. मधेच दाराची बेल वाजली. गॅस बारीक करून दार उघडलं, तर कुरिअरवाला म्हणाला ओटीपी द्या. ओटीपी बघायला फोन शोधायला गेलात. आता परतायचं तर उलट्या क्रमाने: आधी फोनवरून कुरिअरवाल्याकडे, मग कुरिअरवाल्याकडून भाजीकडे. मधला टप्पा विसरलात की भाजी करपलीच.

कॉम्प्युटरचंही तसंच आहे. एक काम करताना तो दुसऱ्या छोट्या कामाकडे उडी मारतो, तिथून तिसऱ्याकडे. परत कुठे यायचं, याची नोंद त्याच्याकडे हवी. ट्युरिंगने उपाय सुचवला, की उडी मारताना परतीचा पत्ता मेमरीत पुरून ठेवायचा आणि काम झालं की उकरून काढायचा. शेवटी पुरलेला आधी बाहेर. त्याने या क्रियांना नावंही तशीच दिली होती, बरी आणि अनबरी. ही कल्पना लेखी मांडणाऱ्या अगदी पहिल्या लोकांत त्याचं नाव येतं.

आज एरर आल्यावर कॉम्प्युटर करतो काय, तर त्या क्षणी पुरलेले सगळे पत्ते एकेक करून उकरतो आणि छापतो. तीच ती लाल ओळींची यादी. कोणता पत्ता तुमचा आणि कोणता लायब्ररीचा, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणूनच आता क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये लायब्ररीच्या ओळी लपवायची सोय असते. पायथनमध्ये शेवटच्या ओळीपासून वाचायला सुरुवात करा असं सांगतात, जावामध्ये सगळ्यात खालचं ‘कॉज्ड बाय’ आधी शोधायला.

रिपोर्टाचं पुढे काय झालं? जे सरकारी कामाचं होतं तेच. ब्लेचलीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रं त्याला माहीत होती, पण गुपिताची शपथ असल्यामुळे त्यांचा दाखला देता येईना. काम रेंगाळलं. 1947 मध्ये वैतागून तो केंब्रिजला गेला, 1948 मध्ये मँचेस्टरला. एसची छोटी आवृत्ती मे 1950 मध्ये चालली, तेव्हा तो तिथे नव्हता. रिपोर्ट पुस्तकरूपात यायला 1986 उजाडलं. दरम्यान 1957 मध्ये बावर आणि सामेलझोन या जर्मन जोडीने हीच युक्ती ‘तळघर’ या नावाने पेटंटसाठी दाखल केली, आणि स्टॅकचं श्रेय बरीच वर्षं त्यांच्याकडे राहिलं.

24 जून 1949 ला केंब्रिजच्या एका परिषदेत ट्युरिंगने एक छोटा निबंध वाचला. प्रश्न होता, मोठा प्रोग्राम बरोबर आहे हे तपासायचं कसं? त्याने उदाहरण घेतलं शाळेतल्या बेरजेचं. नुसते आकडे आणि खाली उत्तर दिलं, तर तपासणाऱ्याला सगळं पहिल्यापासून करावं लागतं. पण हातचे लिहून ठेवले, तर प्रत्येक रकाना सुटा तपासता येतो. प्रोग्रामचंही तसंच करा, ठिकठिकाणी इथे अमुक गोष्ट खरी असलीच पाहिजे असं लिहून ठेवा, असं त्याचं म्हणणं.

आज याला असर्शन म्हणतात, आणि पसाऱ्यावरचा खरा उपाय हाच आहे. चुकीची किंमत सुरुवातीलाच अडवली नाही, तर ती लायब्ररीच्या पोटात खोलवर जाऊन फुटते आणि ट्रेस लांबतो. दारातच अडवली तर ट्रेस छोटा येतो आणि बोट थेट तुमच्याच ओळीवर ठेवतो.

स्वतः ट्युरिंग मात्र दुसऱ्यांच्या सोयीचा विचार करणाऱ्यातला नव्हता. मँचेस्टरच्या मशीनवर आकडे 32 च्या पटीत, उलट्या क्रमाने लिहावे लागत. शून्यासाठी तिरकी रेघ. पानंच्या पानं तिरक्या रेघांनी भरायची. मँचेस्टरचा पाऊस खिडकीवर आदळतोय, अशी केंब्रिजवाले थट्टा करायचे. ट्युरिंगला हे सहज वाचता यायचं, म्हणून इतरांनाही येईल असं त्याने धरून चाललं.

मार्च 1952 मध्ये समलैंगिक संबंधांवरून त्याला कोर्टाने दोषी ठरवलं. तुरुंग टाळायचा तर हार्मोनची इंजेक्शनं घ्या, असा पर्याय होता. तो त्याने घेतला. 7 जून 1954 ला सायनाईडने त्याचा मृत्यू झाला. वय 41. ब्रिटनच्या राणीकडून माफी मिळाली ती डिसेंबर 2013 मध्ये.

आणि तो 1949 चा निबंध? छापताना त्यात इतक्या चुका झाल्या, की वाचणाऱ्याला काही लागतच नव्हतं. चुका कशा शोधाव्यात हे सांगणारा निबंध चुकांखालीच गाडला गेला. 1967 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट फ्लॉइडने जवळपास तीच पद्धत नव्याने मांडली. शेवटी 1984 मध्ये मॉरिस आणि जोन्स या दोन संशोधकांनी बसून एकेक चूक काढली आणि ट्युरिंगचा निबंध दुरुस्त करून पुन्हा छापला.