प्रेमचंद रायचंद : भाव, मोल आणि १ जुलै १८६५

तेजीच्या ऐन बहरात बँक ऑफ बॉम्बेचा एक शेअर २,८५० रुपयांना विकला गेला होता. पडझडीनंतर तोच शेअर ८७ रुपयांना विकावा लागला. बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या पाच हजार रुपये भरणा झालेल्या शेअरचा भाव पन्नास हजारांच्या घरात पोहोचला होता. तोही दोन हजारांच्या खाली आला. भारतीय शेअर बाजाराच्या इतिहासातील या पहिल्या मोठ्या उलथापालथीच्या केंद्रस्थानी एक चौतीस वर्षांचा दलाल होता. त्याचे नाव प्रेमचंद रायचंद.

प्रेमचंद यांचा जन्म १८३१ साली सुरतेत एका जैन कुटुंबात झाला. वडील रायचंद दीपचंद यांच्यासमवेत ते लहानपणीच मुंबईत आले. त्यांनी इंग्रजी शिक्षण घेतले. इंग्रजी लिहिता, वाचता आणि बोलता येणारे ते पहिले देशी शेअर दलाल मानले जातात. त्या काळी शेअरचे व्यवहार करणारे दलाल बोटांवर मोजण्याइतके होते आणि टाउन हॉलच्या परिसरातील वडाच्या झाडाखाली त्यांचे सौदे चालत. युरोपीय व्यापारी आणि देशी पेढीवाले या दोन्ही जगांत वावरणारा हा तरुण थोड्याच वर्षांत त्यांचा अग्रणी झाला. सारे सौदे ते स्मरणातच ठेवीत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाई.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस थांबला. गिरणीमालकांची दृष्टी वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातच्या कापसाकडे वळली. मुंबई बंदरातून निघणाऱ्या कापसाचे दर कित्येक पटींनी वाढले. गाद्या-उशा उसवून त्यातील जुना कापूसही जहाजांवर चढवला गेला, असे तेव्हाचे लोक सांगत. युद्धाच्या चार-पाच वर्षांत नेहमीच्या किमतीच्या वर सात कोटी पौंडांहून अधिक रक्कम मुंबईत आली, असा अंदाज केला जातो.

हा पैसा गुंतणार कोठे? गिरण्या थोड्या होत्या, जमीन अपुरी होती. म्हणून नव्या कंपन्या निघाल्या. जानेवारी १८६५ मध्ये एकट्या मुंबईत ३१ बँका, १६ वित्तीय संस्था आणि ८ जमीन कंपन्या होत्या. समुद्र हटवून भूमी निर्माण करण्याच्या योजनांना विशेष मागणी होती आणि त्यांत बॅक बे कंपनी सर्वांत प्रतिष्ठेची होती. शेअर कोणाला मिळावेत हे बहुधा प्रेमचंद यांच्या शब्दावर ठरे. त्यांची चिठ्ठी हातात असणे म्हणजे दुसऱ्या दिवशीचा नफा हातात असणे, असा लौकिक झाला होता. न्यायाधीशांपासून कारकुनांपर्यंत सारे त्यांच्या दाराशी येत.

बँक ऑफ बॉम्बे ही १८४० साली सुरू झालेली इलाख्याची बँक होती. सरकारची तिच्यात भागीदारी होती आणि काही संचालक सरकारने नेमलेले असत. १८६३ च्या कायद्याने तिच्यावरील जुने निर्बंध सैल झाले आणि शेअर तारण ठेवून कर्ज देण्याची मोकळीक तिला मिळाली. बँकेत प्रेमचंद यांचे वजन मोठे होते. त्यांच्या शिफारशीने कर्जे सुटत, त्या कर्जांतून शेअर विकत घेतले जात, खरेदीमुळे भाव चढे, आणि चढलेल्या भावावर तेच शेअर पुन्हा तारण म्हणून अधिक मोलाचे ठरत. भाव हेच तारण आणि तारण हाच भाव, अशी ही चक्राकार रचना होती. गावातला सराफदेखील सोने गहाण घेताना पूर्ण किमतीएवढे कर्ज देत नाही. सोन्याचा दर उद्या उतरू शकतो, हे तो जाणतो. इलाख्याच्या सर्वांत प्रतिष्ठित बँकेने मात्र एवढेही अंतर राखले नाही.

पैशाची याहून जुनी एक शिस्त या देशात रुजलेली होती आणि मराठी समाजाने ती दूरच्या प्रांतांपर्यंत वापरली होती. काशीत दूधविनायक, ब्रह्माघाट, दुर्गाघाट या गल्ल्यांत पेशवाईच्या काळापासून मराठी घरे वसली. त्यांच्याकडे देशावरून येणारा यात्रेचा, दानधर्माचा आणि अन्नछत्रांचा पैसा सावकारांच्या हुंडीने येई. दर्शनी हुंडी दाखवताच पटवावी लागे, मुदतीच्या हुंडीला ठराविक दिवस असत. पुण्याच्या पेढीचा कागद काशीत चाले, तो लिहिणाऱ्याची पत आणि त्यामागची ठेव काशीच्या सावकाराला ठाऊक असल्यामुळे. आज घेतलेला कागद उद्या चढ्या किमतीला खपेल, या आशेवर तो कोणी घेत नसे. १८६४ च्या मुंबईत नेमक्या याच आशेवर शेअर घेतले जात होते. कंपनी काय मिळवते, तिची जमीन समुद्रातून केव्हा वर येणार, ती कोण कोणत्या दराने घेणार, हे विचारणारे थोडे होते.

युद्ध कधीतरी संपणार, हे कोणापासून लपलेले नव्हते. ९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली यांनी शरणागती पत्करली. ती बातमी मुंबईत येताच कापसाचे दर कोसळू लागले. पुढच्या तारखेला पैसे देण्याच्या बोलीवर झालेले असंख्य सौदे १ जुलै १८६५ रोजी पुरे व्हायचे होते. त्या दिवशी देणेकऱ्यांकडे पैसा नव्हता, म्हणून घेणेकरीही देणेकरी झाले. नामांकित पेढ्या बसल्या. दिवाळखोरीची प्रकरणे इतकी साचली की ती निकाली काढण्यासाठी विशेष कायदा करावा लागला. मे १८६६ मध्ये लंडनमधील ओव्हरेंड गर्नी ही मोठी पेढी बुडाली आणि जे मुंबईत तोवर तग धरून होते, त्यांपैकी कित्येकांचाही आधार सुटला.

हानी केवळ सट्टेबाजांची झाली नाही. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वान, लोकोपकारी पुरुषाची संपत्तीही या लाटेत वाहून गेली. बँक ऑफ बॉम्बेच्या भांडवलाचा बहुतेक भाग नष्ट झाला. ती मोडीत काढून १८६८ मध्ये त्याच नावाची नवी बँक उभारावी लागली. कारभाराच्या चौकशीसाठी आयोग बसला आणि गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या सरकारवरही टीकेचा रोख आला. प्रेमचंद स्वतः दिवाळखोर झाले.

त्यांना धूर्त ठरवून मोकळे होणे सोपे आहे, परंतु ते पुरेसे नाही. स्वतःची सारी संपत्ती त्यांनी त्याच बाजारात ठेवली होती. इतरांना बुडवून आपण बाहेर पडण्याचा हिशेब त्यांनी केलेला दिसत नाही. बाजारातली माहिती त्यांच्याइतकी कोणाकडे नव्हती. कोण घेणार, कोण विकणार, कोणती कंपनी निघणार, हे त्यांना सर्वांच्या आधी कळे. वस्तूचे स्वतःचे मोल किती, हा प्रश्न त्या माहितीत नव्हता. बेंजामिन ग्रॅहम यांनी डेव्हिड डॉड यांच्यासह १९३४ मध्ये ‘सिक्युरिटी अॅनालिसिस’ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्यामागेही १९२९ च्या कोसळण्यातील स्वतःचे नुकसान होते. भाव आणि मोल यांत पुरेसे अंतर असेल तरच खरेदी करावी, हा त्यांचा आग्रह अनुभवाने कमावलेला होता. सुरक्षिततेसाठी राखायचे हे अंतर काशीच्या सावकाराला आणि गावातल्या सराफाला नवे वाटले नसते.

पडझडीनंतर प्रेमचंद चाळीस वर्षे जगले. त्यांनी पुन्हा दलालीस आरंभ केला. पूर्वीचे वैभव परतले नाही, मात्र नाव राहिले. १८७५ मध्ये मुंबईच्या देशी दलालांनी एक रुपया प्रवेश शुल्क ठेवून आपली संघटना स्थापन केली. तिच्या संस्थापकांत प्रेमचंद यांची गणना होते. आजचा मुंबई शेअर बाजार तो हाच.

त्यांचे मोठे दान मात्र पडझडीच्या आधीचे. १८६४ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. मातोश्रींच्या नावाचा राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला, तोवर दाता दिवाळखोरीतून गेला होता. अहमदाबादच्या अध्यापक महाविद्यालयालाही त्यांचे नाव आहे. कलकत्ता विद्यापीठाला दिलेल्या दोन लाखांतून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली. १८९७ मध्ये ती यदुनाथ सरकार यांना मिळाली आणि त्यांनी औरंगजेबकालीन हिंदुस्थानावर प्रबंध लिहिला. शिवछत्रपतींवरील त्यांचा ग्रंथ १९१९ मध्ये आला. त्यातील अनेक मतांवर महाराष्ट्रात वाद झडले, तरी तो टाळून त्या काळाचा अभ्यास करणे कोणालाही शक्य झाले नाही. प्रेमचंद यांचे निधन त्यापूर्वीच, १९०६ साली, मुंबईत झाले होते.